संगणक, खाडाखोड आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'संगणक आणि सुरक्षितता' या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे, संगणकाचा तज्ज्ञ नाही. तेव्हा माणूस ठरविताना कार्यकारिणीची काही चूक झाली, असे आपणांस वाटल्यास मी वाद घालणार नाही. परंतु या विषयाशी माझा संबंध एका चुकीतून आला आणि ती चूक माझीच होती. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत माझ्याकडे नववीच्या वर्गाचा निकाल तयार करण्याचे काम होते. संगणकावर एका बाजूला मुलांची नावे व दुसऱ्या बाजूला गुण असा तक्ता केला होता. नावे अनुक्रमाने लावावीत म्हणून मी नावांचा रकाना निवडला आणि बटण दाबले. संगणकाने मला इंग्रजीत काहीतरी विचारले. मी घाईत होतो. न वाचताच 'होय' म्हटले. नावे वर-खाली सरकली, गुण मात्र जागच्या जागी राहिले. म्हणजे प्रत्येक मुलासमोर दुसऱ्याच कोणाचे तरी गुण आले. आधीची मांडणी पुसली गेली होती आणि नवी मांडणी अगदी नीटनेटकी दिसत होती. चुकीच्या तक्त्याचा चेहरा बरोबर तक्त्यासारखाच असतो, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट.

त्या वर्गात एक हुशार मुलगी होती. ती दोन विषयांत नापास दिसली. तिचे वडील आठवडी बाजारात कपड्याचे दुकान लावतात. ते शाळेत आले आणि शांतपणे म्हणाले, "सर, आता हिला घरीच ठेवतो. शिकवून उपयोग नाही." ते रागावले असते तर बरे झाले असते. दोन दिवसांनी उत्तरपत्रिका पुन्हा तपासताना माझी चूक माझ्या लक्षात आली. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. चहा झाला, मंडळींनी मोठेपणा दाखविला. मी निघताना त्या मुलीने विचारले, "सर, संगणक चुकतो का?"

मी म्हटले, "संगणक चुकला नाही, मी चुकलो." हे उत्तर खरे होते, पण पुरते नव्हते. कारण पुढे प्रश्न उरतोच, की एवढी मोठी चूक एका बटणाने होऊ देणारे साधन कोणी आणि कसे तयार केले?

त्या वर्षी ईदला आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी गावी आला. तो पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. मी त्याला हा प्रकार सांगितला. तो हसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही जे तक्त्यात केले, तेच मोठमोठे प्रोग्राम मेमरीत करतात. म्हणून तर चोर आत शिरतात." त्या दिवसापासून मी या विषयाचे जे जमेल ते वाचत आलो. त्यातले मला उमगले तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

गणिताच्या तासाला एखाद्या मुलाने फळ्यावर 'क्ष = क्ष + १' असे लिहिले, तर आमचे गणिताचे सर त्याला जागेवर बसू देणार नाहीत. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी कशी असेल? परंतु संगणकाच्या बहुतेक प्रचलित भाषांत हे विधान अगदी रोजचे आहे. त्याचा अर्थ असा, की मेमरीत 'क्ष' नावाचा एक कप्पा आहे, त्यातली संख्या काढा, तीत एक मिळवा, जुनी पुसा आणि नवी तेथेच लिहा. पाटीवर लिहिणे-पुसणे चालते तसे. प्रोग्राम लहान असेल तर हे सोपे आहे. पण प्रोग्राम लाखो ओळींचा झाला आणि एकाच पाटीवर शंभर हात लिहू-पुसू लागले, म्हणजे कोणी काय पुसले याचा पत्ता लागत नाही.

दुसरी रीत आपल्या बाजारातल्या जुन्या दुकानदारांना ठाऊक आहे. त्यांच्या रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही. नोंद चुकली तर ती खोडत नाहीत, खाली उलट नोंद करतात. जुनी ओळ जशीच्या तशी राहते, म्हणून दहा वर्षांनीही हिशेब ओळीने तपासता येतो. फंक्शनल भाषा म्हणून ज्या ओळखल्या जातात, त्यांचा कल या वहीसारखा असतो. एकदा एका नावाला जी किंमत दिली ती सहसा बदलत नाही. बदल हवा तर नवी किंमत, नव्या नावाने. हास्केल या भाषेत हा नियम कडक आहे, ओकॅमलमध्ये थोडा सैल आहे.

फंक्शन म्हणजे गणितातले फलन. अमुक दिले की तमुक मिळणार, आणि प्रत्येक वेळी तेच मिळणार. आपल्या घरातले उदाहरण म्हणजे फराइज, वारशाची वाटणी. एखादा गृहस्थ मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी ठेवून वारला. कर्ज व वसियत भागविल्यानंतर उरलेल्या मालमत्तेचे २४ वाटे केले, तर पत्नीला ३, मुलाला १४ आणि मुलीला ७ येतात. हा प्रश्न किनवटला विचारा, हैदराबादला विचारा, सकाळी विचारा, रात्री विचारा, उत्तर बदलत नाही. विचारणाऱ्याचा चेहरा पाहूनही बदलत नाही. (निदान बदलू नये. काही घरांत मुलीचे ७ वाटे कोठे जातात, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर स्वतंत्र भाषण व्हावे.) नवव्या शतकात बगदादच्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी बीजगणितावर जे पुस्तक लिहिले, त्याचा मोठा भाग अशाच वारशाच्या उदाहरणांनी भरलेला आहे. त्या पुस्तकाच्या नावातल्या 'अल-जब्र' शब्दावरून अल्जिब्रा आला आणि लेखकाच्या नावावरून अल्गोरिदम. आपल्याकडे हे नेहमी अभिमानाने सांगितले जाते. त्या पुस्तकातली उदाहरणे सोडविण्याचा सराव मात्र आपण फार पूर्वीच सोडला.

आता सुरक्षिततेकडे येतो. आपण पडद्यावर जे पाहतो त्याच्या खाली संगणकात आणखी एक थर असतो. मेमरी वाटून देणारा, फाइली सांभाळणारा, नेटवर्कवरून आलेले निरोप उघडणारा. ऑपरेटिंग सिस्टिम वगैरे त्यातच येते. हा इमारतीचा पाया होय. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा तयार केली, आणि हा पाया पुढे बहुतांशी सी व तिच्या भावंडांत बांधला गेला. सी चपळ आहे, पण ती प्रोग्राम लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. वीस खुर्च्यांच्या रांगेत एकविसावी खुर्ची मागा, ती 'खुर्ची नाही' असे म्हणत नाही. रांगेच्या पलीकडे जे काही असेल, शेजारच्या घराची भिंत असो की तिजोरी, तेच खुर्ची समजून हातात देते.

हे वीस-एकवीसचे उदाहरण मी मनाने रचलेले नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अद्ययावत फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. पुढे कंपनीने जो खुलासा दिला त्यात कारण होते ते असे, की प्रोग्रामकडे २० माहितीचे तुकडे आले होते आणि त्याने एकविसावा वाचावयास घेतला. त्या दिवशी हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आपल्यापैकी अनेकांचा प्रवास तेथूनच सुरू होतो, म्हणून ते छायाचित्र मला विशेष लक्षात राहिले. तेथे चोर नव्हता, नुसती चूक होती. चोराला अशी चूक सापडली म्हणजे काय होते, ते आपल्या महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिले.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. मुंबईजवळ न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल मर्स्कच्याच समूहाकडे होते. तेथील संगणक बंद पडले, कोणता कंटेनर कोठला हे कळेनासे झाले, माल तुंबला. हा विषाणू एका संगणकातून दुसऱ्यात जाण्यासाठी जे मार्ग वापरत होता, त्यांपैकी एक विंडोजमधील जुनी चूक होती. प्रोग्रामने एक मोठा आकडा लहान कप्प्यात लिहिल्यामुळे यादीची लांबी चुकीची मोजली जाई, जागा कमी राखली जाई आणि उरलेला मजकूर शेजारच्या मेमरीवर लिहिला जाई. दुसरा मार्ग चोरलेल्या पासवर्डांचा होता. चुकीची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आली होती, पण सर्वांनी ती बसविली नव्हती. मर्स्कने आपले नुकसान ३० कोटी डॉलरपर्यंत असल्याचे सांगितले. विचार करा, मापाची एक चूक आणि बंदराच्या दारात मालमोटारींच्या रांगा.

ही अपवादाची गोष्ट नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले, की ते दरवर्षी ज्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ लावतात त्यांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशाच गैरवापराची असतात. म्हणजे हे काम करणारी माणसे अडाणी आहेत असे नाही. ती जगातली निवडक माणसे आहेत. त्यांच्या हातातल्या साधनात दोष आहे.

मग साधन बदलावे, असे कोणाला सुचले नाही काय? सुचले होते, आणि सुचणारा माणूस काही काळ शाळामास्तर होता, हे वाचून मला आमच्या जमातीविषयी थोडे बरे वाटले. रॉबिन मिल्नर हे इंग्लंडमध्ये आधी शाळेत शिकवीत, मग संगणकाच्या कंपनीत गेले आणि पुढे पीएच.डी. नसतानाही प्राध्यापक झाले. १९७०च्या दशकात एडिंबरो येथे ते गणिताची प्रमेये तपासणारा प्रोग्राम तयार करीत होते. त्यांच्यापुढे अडचण अशी, की प्रोग्रामच चुकीचा असेल तर खोटे प्रमेयही खरे म्हणून बाहेर पडेल. त्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएल ही नवी भाषा केली. तिच्यात प्रत्येक वस्तूची जात ठरलेली असते. संख्या ही संख्या, नाव हे नाव, आणि 'प्रमेय' ही एक स्वतंत्र जात. प्रमेय तयार करण्याचा अधिकार फक्त तर्काच्या मोजक्या नियमांना. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला फक्त मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने निघतो, कारकुनाने कितीही सुंदर अक्षरात लिहिला तरी तो दाखला होत नाही, तसे. आणि ही तपासणी प्रोग्राम चालू होण्यापूर्वीच होते. अर्जात त्रुटी असेल तर तो खिडकीवरच परत येतो, मंत्रालयात जाऊन अडकत नाही. मिल्नर यांना १९९१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ओकॅमल ही भाषा याच एमएलच्या घराण्यातली. हास्केल १९९० सालची, निराळ्या घरात वाढलेली, पण संस्कार तेच.

माझ्या नववीच्या तक्त्याचेच पाहा. अशा भाषेत मी नाव आणि गुण मिळून 'विद्यार्थी' ही एक जात केली असती. मग रांग लावताना अख्खा विद्यार्थी हलला असता. नाव एकीकडे आणि गुण दुसरीकडे, असे करावयाचे म्हटले तरी ते सहजी जमले नसते. शिवाय जुनी यादी न पुसता नवी यादी मिळाली असती आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडता आल्या असत्या.

या मार्गाने खरोखर पाया बांधून पाहिलेली माणसे आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील संशोधकांनी एसईएल-४ नावाचा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा केला. त्याचा नमुना त्यांनी आधी हास्केलमध्ये लिहिला, कारण तेथे तो समजण्यास व तपासण्यास सोपा होता. मग वेगासाठी तो सीमध्ये उतरविला आणि २००९ मध्ये गणिताने सिद्ध केले, की सीमधला गाभा मूळ आराखड्याप्रमाणेच वागतो. सीच्या ओळी सुमारे ८,७०० आणि सिद्धतेच्या ओळी सुमारे २ लाख! सिद्धता तपासणारा प्रोग्राम इसाबेल, आणि तो एमएलमध्येच लिहिलेला आहे. मिल्नरमास्तरांचे रोप असे तीस वर्षांनी फळाला आले.

पुढे अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने २०१२ पासून एक प्रकल्प चालविला. त्यात एका लहान ड्रोनचे उड्डाणाचे सॉफ्टवेअर हास्केलच्या आधाराने केलेल्या आयव्हरी या भाषेत नव्याने लिहिले आणि एका बिनपायलट हेलिकॉप्टरच्या संगणकात एसईएल-४ बसविले. मग पगारी हल्लेखोर बोलाविले. हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्याच्या भागाची किल्ली त्यांच्या हातात आयती दिली आणि सांगितले, येथून पुढे घुसून दाखवा. त्यांना त्या खोलीतून बाहेर पडता आले नाही. आज शेतात फवारणीचे ड्रोन फिरू लागले आहेत, म्हणून हे उदाहरण मुद्दाम सांगितले. डोक्यावर औषधाची टाकी घेऊन उडणारे यंत्र कोणाच्या हुकमात आहे, याची फिकीर सैन्याइतकीच शेतकऱ्यालाही हवी.

ओकॅमलवाल्यांनी तर गंमतच केली. केंब्रिजच्या मंडळींनी मिराज नावाची यंत्रणा ओकॅमलमध्ये केली होती. २०१५ मध्ये त्यांनी तिच्या साहाय्याने एक पेटी इंटरनेटवर उघड ठेवली. आत १० बिटकॉइनची किल्ली होती, फोडेल त्याची. २०१८ मध्ये त्यांनी ती उतरविली तेव्हा रक्कम जागेवर होती. अशा एका पैजेने सर्व सिद्ध होत नाही हे मी जाणतो. पण पैज लावण्याची छाती तरी त्यांना झाली.

आपल्या देशातही हे काम पोहोचले आहे. आयआयटी मद्रासमध्ये 'शक्ती' नावाचे प्रोसेसर तयार झाले, त्यांपैकी एक २०१८ मध्ये चंदीगडजवळ चिपवर उतरला. त्यांचा आराखडा ज्या ब्लूस्पेक भाषेत लिहिला, ती हास्केलच्या वळणाने आलेली असून तिचा अनुवादक प्रोग्राम हास्केलमध्येच आहे. आयआयटी कानपूरहून शिकून एमआयटीत प्राध्यापक झालेले अरविंद यांचा त्यात मोठा वाटा. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. डिसेंबर २०२२ मध्ये ओकॅमलची पाचवी आवृत्ती आली, तिच्यात एकाच वेळी अनेक प्रोसेसरांवर काम करण्याची सोय झाली. त्या कामातही आयआयटी मद्रासचे के. सी. शिवरामकृष्णन पुढे होते. आपल्या पुण्यात टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ पासून आहे. तेथे प्रोग्राम न चालविता त्यातल्या चुका शोधण्याच्या साधनांवर काम झाले. फंक्शनल भाषांपेक्षा तो मार्ग वेगळा, पण हेतू एकच.

एकच बाजू सांगणे बरोबर होणार नाही. या भाषांत मेमरीची झाडलोट भाषा स्वतः करते. त्यासाठी ती मधेच क्षणभर थांबते आणि अगदी तळाच्या कामात तो क्षणही परवडत नाही. एसईएल-४ शेवटी सीमध्ये उतरवावे लागले, त्यामागे हेही एक कारण होते. २ लाख ओळींची सिद्धता प्रत्येक प्रोग्रामसाठी कोण लिहिणार? म्हणून हल्ली मधला मार्ग म्हणून रस्ट या भाषेकडे पाहिले जाते. ती निव्वळ फंक्शनल नाही, परंतु जातींची कडक तपासणी तिने एमएलकडून घेतली आणि तिचा पहिला अनुवादक ओकॅमलमध्येच लिहिला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात तिला जागा मिळाली.

आणि काही दारे कोणत्याच भाषेने बंद होत नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमची मंजुरी देणारी यंत्रणा हल्लेखोरांनी बगलेत मारली आणि अनेक देशांत बनावट कार्डांनी पैसे काढले. अशा ठिकाणी यंत्रणेची रचना आणि माणसांची पाळत यांचाही प्रश्न असतो. माझ्या वडीलधाऱ्या पालकांना तर हात जोडून सांगतो, फोनवर आलेला ओटीपी कोणा अनोळखी माणसास सांगितलात, तर हास्केलसुद्धा काही करू शकणार नाही.

आता ज्यासाठी एवढे बोललो ते बोलतो. आपल्याकडे दहावीनंतर, विशेषतः मुलींचे, गणित सुटते. 'संगणक शिकवायचा आहे' म्हणून पालक पोटाला चिमटा काढून कोठल्यातरी वर्गाची फी भरतात, सहा महिन्यांत मुलाला पत्र टंकणे व तक्ता भरणे येते, भिंतीवर प्रमाणपत्र लागते. त्यात वाईट काही नाही. पण मी स्वतः तेवढेच शिकलो होतो आणि तेवढ्या ज्ञानावर एका मुलीचे शिक्षण मी जवळजवळ थांबविले होते. बटण कोठे आहे हे मला माहीत होते, आत काय हलते हे माहीत नव्हते.

हास्केल आणि ओकॅमल फुकट मिळतात. आपल्या शाळेच्या संगणकखोलीत जी जुनी यंत्रे आहेत त्यांवर शिकण्यापुरत्या त्या चालतात. त्यांना लागते ते शाळेतलेच गणित, म्हणजे फलन, संच आणि 'जर-तर'चा विचार. इंग्रजी थोडे लागते, पण भाषणापुरते नव्हे, सूचना वाचण्यापुरते. (ते मला त्या दिवशी कमी पडले.) हे शिकून लगेच नोकरी लागेल असे मी म्हणणार नाही, या भाषांच्या नोकऱ्या थोड्या आहेत. परंतु ज्याला ही रीत कळली तो पुढे कोणतीही भाषा जपून वापरील, असे पुण्याच्या त्या माजी विद्यार्थ्याचे म्हणणे आहे आणि मला ते पटते.

त्या विद्यार्थ्याने महिन्यातून एक रविवार देण्याचे कबूल केले आहे. उरलेले रविवार आमचे गणिताचे सर आणि मी मिळून ओढू. मीही विद्यार्थीच असेन. जी मुलगी माझ्या चुकीने नापास झाली होती ती आज विज्ञान शाखेत आहे. तिने पहिले नाव नोंदविले आहे आणि तिच्या वडिलांनी मला विचारले, की धाकटीलाही आणू का. आणा, चाचा.

नववीपासून पुढच्या मुलामुलींनी नावे शाळेच्या कार्यालयात द्यावीत. फी नाही. पहिले दोन रविवार संगणक उघडायचा नाही, फराइजची दहा उदाहरणे वहीत सोडवायची आहेत. वही दोनशे पानी आणावी, आणि पेन आणावे, पेन्सिल व खोडरबर नको.